शेवटची नोंद, आठ चाळीस

झाशीतली ती दुपार अजून माझ्या मनातून गेलेली नाही. निवृत्त होऊन काही वर्षे झाली. बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळली आहेत, कोणत्या ठाण्यात काय घडले हेसुद्धा कधीकधी चुकते. पण त्या दिवशी दुपारी दोन ते साडेपाच या वेळात काय काय झाले, ते मी आजही क्रमाने सांगू शकतो. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक वृद्ध बाई घरातून निघून गेली होती. पोलिसांच्या लेखी असल्या प्रकरणाला फारशी किंमत नसते. तरीही माझ्या सगळ्या नोकरीत सर्वांत जास्त मी त्यातच शिकलो, आणि सर्वांत मोठी चूकही त्यातच केली.

नावे कोणाचीच घेत नाही. त्या घरातली माणसे अजून झाशीत राहतात.

मी मूळचा बनारसचा. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, असे आमचे कित्येक पिढ्यांचे चालत आले आहे. उत्तर प्रदेश पोलिसांत नोकरी केली आणि शेवटची काही वर्षे झाशीत ठाणे प्रभारी होतो. माझ्या हद्दीत रेल्वेची वसाहत होती आणि तिच्यात महाराष्ट्रातून आलेली बरीच कुटुंबे होती. माझे आडनाव वाचून ती मंडळी ठाण्यात आली की आपोआप मराठीत बोलू लागत.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास चाळिशीतल्या एक बाई ठाण्यात आल्या. त्यांच्या सासूबाई सकाळपासून घरी नव्हत्या. सासूबाई म्हणजे रेल्वेच्या दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका, वय चौऱ्याहत्तर. सगळी वसाहत त्यांना सिस्टर म्हणे. तीन-चार वर्षांपासून त्यांचे विसरणे वाढत गेले होते. कधी त्या सुनेला ओळखत, कधी तिला दवाखान्यातली नवी नर्स समजून कामे सांगत.

"साहेब, साडेदहाला मी पोळ्या लाटत होते," सून म्हणाली. "आई म्हणाल्या, मी ड्यूटीवर जाते. रोजच म्हणतात. मी हो म्हटलं. अंगणात बसतील असं वाटलं. दहा मिनिटांनी बघते तर फाटक उघडं."

नवरा रेल्वेत इंजिनचालक, तो गाडी घेऊन गेलेला. दिवसभर या बाई एकट्याच शोधत फिरत होत्या. दवाखाना, स्टेशन, ओळखीची घरे, लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकाठचे महालक्ष्मीचे देऊळ. सिस्टर शुक्रवारी तिथे जात असत. मी बेपत्ता असल्याची रपट लिहून घेतली, जनरल डायरीत, म्हणजे आमच्या जीडीत, नोंद केली, फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला. पथके स्टेशनवर आणि बस अड्ड्यावर पाठवली. त्या दिवशी काहीच हाती लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिली खबर आली. लक्ष्मी तालाजवळ शिंगाडे विकणारा एक माणूस अधूनमधून आम्हाला माहिती देत असे. त्याने सांगितले की तळ्यामागच्या वस्तीत राहणाऱ्या एका ऑटोवाल्याकडे म्हाताऱ्या बाईची कापडी पिशवी आहे, आणि कालपासून तो ती लपवतो आहे.

उपनिरीक्षकाने अर्ध्या तासात ऑटोवाल्याला उचलून आणले. तिशीचा, सडपातळ माणूस. मारामारीचा एक जुना गुन्हा त्याच्या नावावर होता. पिशवीत सिस्टरचा चष्मा, पोळीभाजीचा डबा आणि लहान मुलांच्या लसीकरणाची एक जुनी, कडा फाटलेली नोंदवही. सुनेने पिशवी पाहिली आणि ती मटकन खाली बसली.

मी ऑटोवाल्याला समोर बसवले. तीस वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिले आहे. खोटे बोलणारा माणूस बहुधा फार सांगतो. हा मात्र विचारले तेवढेच सांगत होता.

"साहब, हमने तो उन्हें बस अड्डे पे उतारो हतो," तो बुंदेली वळणाच्या हिंदीत म्हणाला. मीही हिंदीतच विचारत होतो, माझे प्रश्न इथे मराठीत देतो.

"किती वाजता?"

"साढ़े दस बज गए थे. पौने ग्यारह समझ लो."

"कुठे जाते म्हणाल्या?"

"बोलीं बरुआसागर जाना है, बच्चों को टीका लगाना है. हमने सोचा सरकारी डागदरनी हैं."

"पिशवी तुझ्याकडे कशी?"

"सीट पे छूट गई. शाम को देखी. फिर सुना कि पुलिस ढूँढ़ रही है. हम डर गए."

उपनिरीक्षक तरुण आणि कामाला वाघ होता, पण त्याला घाई फार. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, ये झूठ बोल रहा है. हा तळ्याच्या काठी राहतो. बाई देवळात आल्या असणार, यानेच काहीतरी केलंय." ठाण्याबाहेर वसाहतीतली पन्नास-साठ माणसे जमली होती आणि त्यांचेही तेच मत होते. दबाव माझ्यावरही होता. बरुआसागर या जवळच्या गावाचे त्याचे सांगणे बाजूला ठेवून दहा वाजता मी लक्ष्मी तालात पाणबुडे उतरवले.

पाणबुडे पाण्यात असताना सून काठावर उभी होती. एकदम आठवल्यासारखी ती माझ्याकडे आली.

"साहेब, आईंच्या गळ्यात ती चकती आहे."

"कसली चकती?"

तिने सांगितले ते असे. मुलाने वर्षभरापूर्वी आईसाठी एक यंत्र घेतले होते. गळ्यात अडकवायची, नाण्याहून थोडी मोठी चकती. आत सिमकार्ड. माणूस कुठे आहे ते घरच्यांच्या मोबाइलवर नकाशात दिसे. पण ज्या कंपनीची ती चकती होती तिचा कारभार आवरत आला होता, आणि महिन्याभरापासून मोबाइलवर काहीच नवे दिसत नव्हते. कालही तिने उघडून पाहिले होते, महिन्याभरापूर्वीची जागा दिसत होती, तीही घराचीच. म्हणून तिने आम्हाला काही सांगितले नव्हते.

आता इथे आमच्या ठाण्यातली एक महिला आरक्षी, म्हणजे शिपाई, पुढे आली. महोब्याकडची मुलगी, बीएस्सी झालेली, भरती होऊन दोनच वर्षे झालेली. रपटी संगणकावर चढवण्याचे काम तिच्याकडे होते. मोठ्या प्रकरणात तिला कोणी काही विचारत नसे. ती म्हणाली, "सर, मोबाइल पर नहीं दिख रहा, इसका मतलब ये नहीं कि चकती बंद है. कंपनी से पूछ लें?"

मी म्हटले, विचार.

कंपनीत फोन उचलणारा एकच माणूस उरला होता. तो सापडायलाच दुपारचा एक वाजला. त्याने सांगितले की नकाशा दाखवणारी यंत्रणा बंद केली आहे, पण चकत्यांकडून येणाऱ्या नोंदी अजून जमा होत आहेत. ठाण्याच्या शिक्क्याचे पत्र पाठवा, मी या चकतीची कच्ची फाइल काढून पाठवतो. उघडायची कशी ते तुम्ही बघा. आम्ही पत्र पाठवले. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने फाइल काढली आणि सव्वादोनला ती आमच्या मेलवर आली.

फाइल आली, पण उघडेना. आमच्या संगणकाला तो प्रकारच माहीत नव्हता. जबरदस्तीने उघडली तर नुसते आकडे, स्वल्पविराम आणि ठिपके, एकाला एक चिकटलेले, लाखो ओळी. ठाण्याचे लेखनिक, मुन्शीजी, माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, "साहब, ये तो फारसी है."

आरक्षीने आधी एक चांगले काम केले. मूळ फाइल तिने जशीच्या तशी बाजूला ठेवली, तिचा अंकी ठसा, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा ओळखीचा आकडा, काढून जीडीत लिहायला लावला आणि प्रतीवर काम सुरू केले. पुढे कोर्टात कोणी म्हणायला नको की पोलिसांनी आकडे बदलले. मग तिने ब्राउझरमध्ये एक पान उघडले. मधोमध मोठा चौकोन, त्यात लिहिलेले, फाइल इथे टाका. बाजूला फाइलींच्या प्रकारांची लांबलचक यादी. एका प्रकारची फाइल द्यायची आणि दुसऱ्या प्रकारात बदलून घ्यायची, एवढेच त्या पानाचे काम.

मी तिला थांबवले. "पुरावा कोणत्या तरी अनोळखी वेबसाइटवर चढवायचा? उद्या उत्तर कोण देणार?"

"सर, चढवायचा नाहीच," ती म्हणाली. आमचे बोलणे हिंदीत झाले, मी इथे मराठीत देतो. "हे पान एकदा उघडलं की सगळं काम या संगणकातच होतं. फाइल बाहेर जात नाही."

"कशावरून?"

ती उठली, संगणकाच्या मागे गेली आणि नेटची तार काढून टेबलावर ठेवली. मग पुन्हा येऊन बसली आणि फाइल ओढून त्या चौकोनात सोडली. नेट नसतानाही पान काम करू लागले. मला पटले. दोन वर्षांची नोकरी झालेल्या मुलीने मला तोंडी पटवण्याऐवजी करून दाखवले, हे मला आवडले.

पण काम पुढे सरकेना. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत होती, ती एक तृतीयांश भरून थांबली. आमचा संगणक जुना, आणि फाइलमध्ये वर्षभराच्या नोंदी, दर दोन मिनिटांना एक. पाच मिनिटे आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत बसलो. शेवटी संगणक गोठला. तिने तो बंद करून पुन्हा सुरू केला, तार लावून पान पुन्हा उघडले, तार पुन्हा काढली आणि प्रतीतून फक्त शेवटच्या तीन दिवसांच्या ओळी कापून वेगळ्या केल्या. या वेळी पट्टी सर्रकन भरली. तयार झालेली फाइल तिने नकाशाच्या पानात उघडली, त्यासाठी तार परत लावावी लागली.

नकाशावर ठिपके उमटले. उत्तर ध्रुवाजवळ, बर्फाच्या समुद्रात.

मुन्शीजी म्हणाले, "माताजी तो बहुत दूर निकल गईं." मागे कोणीतरी हसले. मी वळून बघितले तेव्हा हसू बंद झाले. दारात सून उभी होती.

आरक्षी मात्र गडबडली नाही. "रकाने उलटे झाले, सर. अक्षांशाच्या जागी रेखांश गेला." तिने त्या पानावर दोन रकान्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा काम चालवले. आता ठिपके झाशीत होते. रेल्वे वसाहत, मग बस अड्डा, मग बरुआसागरच्या रस्त्याने एक सरळ माळ. बरुआसागरात तळ्याच्या काठाने थोडे फिरून ती माळ गावाबाहेरच्या शेतांत जात होती आणि तिथे सगळे ठिपके एका जागी गोळा झाले होते. एकावर एक, शेकड्याने.

मी लगेच बरुआसागरच्या ठाण्याला फोन केला आणि ती जागा कळवली. तळ्यातल्या पाणबुड्यांना बाहेर यायला सांगितले. इथपर्यंत सगळे बरोबर चालले होते. माझी चूक यानंतर सुरू झाली.

प्रत्येक ठिपक्यासोबत वेळ होती. उपनिरीक्षकाने ती वाचायला सुरुवात केली. घरातून पहिली हालचाल, पाच वाजून चार मिनिटे. बस अड्डा, पाच वीस. बरुआसागर, सहा चाळीस. शेतात थांबल्या, आठ पन्नास. शेवटची नोंद आजची, आठ चाळीस. त्यानंतर काही नाही.

"सर, बघा," तो म्हणाला. "पहाटे पाचला निघाल्यात. ऑटोवाला पावणेअकरा म्हणतो. सून साडेदहा म्हणते. दोघेही खोटं बोलतायत. दोघे मिळालेले आहेत. आणि आज सकाळी आठ चाळीसला कोणीतरी चकती बंद केली."

तेवढ्यात बरुआसागरहून फोन आला. त्यांचा हवालदार त्या शेतात पोचला होता. आल्याचे शेत. मध्ये पंपाची एक पक्की खोली, तिला बाहेरून कुलूप. मालक काल संध्याकाळी मुलीच्या गावी गेलेला. हाका मारल्या, कोणी ओ देत नाही. आसपास कोणी नाही.

माझ्या डोक्यात चित्र तयार झाले. पहाटे कोणीतरी बाईंना नेले, शेतात ठेवले, आज सकाळी तिथून हलवले आणि चकती बंद करून टाकली. मी सुनेला आत बोलावले. दार लावून घेतले. महिला आरक्षी नियमाप्रमाणे खोलीत होती, संगणकासमोर.

"तुमच्या सासूबाई पहाटे पाचला घराबाहेर पडल्यात. तुम्ही मला साडेदहा सांगितलंत. का?"

"साहेब, साडेदहाच. मी पोळ्या..."

"यंत्रात नोंद आहे. यंत्राला खोटं बोलायचं काही कारण नाही."

मी पडद्यावर बोट ठेवून पुढचा प्रश्न केला.

"चकती महिन्याभरापासून बंद आहे म्हणालात. मग तिची बॅटरी भरलेली कशी?"

"मी रोज लावते ना चार्जिंगला. आईंची आंघोळ होईपर्यंत."

"बंद पडलेली वस्तू रोज चार्ज करता? कशाला?"

"सवय, साहेब." मग ती हळू आवाजात म्हणाली, "नाही घातली तर त्या विचारतात, माझा बिल्ला कुठाय. त्यांना तो दवाखान्यातला बिल्ला वाटतो."

मला ते उत्तर बनवलेले वाटले. आज सांगतानाही लाज वाटते. मी तिला सांगितले की असली कारणे मी खूप ऐकली आहेत, आणि घरात सासूचा त्रास होत असेल तर आत्ताच सांगून टाका, नंतर फार उशीर होईल. वर्दीतला माणूस हे वाक्य कोणत्या आवाजात म्हणतो ते ज्याने ऐकले आहे त्यालाच कळेल. ती रडली नाही. तिने पदर घट्ट धरला आणि म्हणाली, "तुम्हाला मला जे करायचं ते करा. पण आधी आईंना शोधा. त्यांची बीपीची गोळी कालपासून चुकलीय."

 तेवढ्यात आरक्षीची खुर्ची सरकली.

"सर, एक मिनिट."

"आत्ता नको."

"सर, आत्ताच," ती म्हणाली. ती उठून उभी राहिली. "कंपनीवाल्याने फाइल किती वाजता काढली?"

"दोन दहाला. का?"

"शेवटची नोंद आठ चाळीसची आहे. आठ चाळीसमध्ये साडेपाच तास मिळवा."

मी मिळवले. दोन वाजून दहा मिनिटे.

"या चकत्यांची घड्याळं भारताची वेळ लिहीत नाहीत सर, इंग्लंडकडची लिहितात. त्या पानावर वेळ बदलून घ्यायचा एक खण होता, तो मी भरलाच नाही. घाईत राहिला. सगळ्या नोंदींत साडेपाच तास मिळवा. पाच चार नाही, दहा चौतीस. बस अड्डा पाच वीस नाही, दहा पन्नास."

पोळ्या लाटत होते, साडेदहा. पावणेअकरा समझ लो. एकमेकांना कधी न पाहिलेली दोन माणसे कालपासून एकच वेळ सांगत होती. त्यांना खोटे ठरवण्याऐवजी मी तिसऱ्या साक्षीदाराला, म्हणजे त्या आकड्यांना, एकदाही उलट विचारले नव्हते. शिपायाच्या प्रशिक्षणात शिकवतात तेवढीही काळजी मी घेतली नव्हती.

पण त्या क्षणी स्वतःला दोष द्यायला वेळ नव्हता, कारण त्या साडेपाच तासांचा दुसरा अर्थ माझ्या लक्षात आला होता. चकती कोणी बंद केलेली नव्हती. कंपनीवाल्याने फाइल काढली त्या मिनिटापर्यंत ती चालू होती, आणि त्याच शेतात होती. सिस्टर काल दुपारी दोन वीसला तिथे थांबल्या होत्या आणि तेव्हापासून तिथून हललेल्या नव्हत्या.

मी बरुआसागरच्या हवालदाराला फोन लावला. "कुलूप तोडा."

"सर, मालक नहीं है, पंचनामा..."

"दोन पंच उभे करा आणि तोडा. जबाबदारी माझी. आत्ता."

मग आम्ही जीपमध्ये बसलो. मी, उपनिरीक्षक, आरक्षी आणि सून. बरुआसागर वीस-बावीस किलोमीटर. सून खिडकीला डोके टेकून बसली होती.  अर्धा रस्ता संपला तेव्हा फोन वाजला.

"सर, मिल गईं." हवालदाराचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेला. "ज़िंदा हैं. बात कर रही हैं."

सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकले. आरक्षीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पोचेपर्यंत काढला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. सिस्टर खोलीच्या दारात एका पोत्यावर बसल्या होत्या. घोटा सुजलेला, ओठ सुकलेले, पांढऱ्या साडीवर माती. आत एक माठ होता, त्यातले पाणी पिऊन त्यांनी दिवस काढला होता. मागाहून सगळे जुळले. बऱ्याच वर्षांपूर्वी लसीकरणाच्या फेरीवर त्या याच शेतात येत, पंपाच्या खोलीच्या सावलीत मुलांना टोचत. आदल्या दिवशी त्या तिथेच आल्या, पाय मुरगळला म्हणून आत जाऊन बसल्या आणि पोत्यांच्या मागे झोपी गेल्या. मालकाने संध्याकाळी आत न डोकावता कुलूप लावले आणि तो लेकीच्या गावी गेला. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून हवालदाराच्या हाका पोचल्या नाहीत. मालकाचा काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी परत येऊन त्याने ऐकले तेव्हा तो सिस्टरच्या पायांशीच बसला.

मला वर्दीत पाहून सिस्टर रागावल्या. हिंदीत म्हणाल्या, "इतनी देर कर दी! कब से बैठी हूँ, एक भी बच्चा नहीं लाए."

 आरक्षी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली. "सिस्टरजी, आज सबको लग गया. ड्यूटी खत्म. घर चलें?"

"रजिस्टर में एंट्री कर दी?"

"कर दी."

मग त्यांची नजर सुनेवर गेली. त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी तिला ओळखले. "किती वाळलीस गं," त्या मराठीत म्हणाल्या. "जेवलीस का?"

सुनेला मी ठाण्यात एवढे बोललो तरी तिच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते. ते आता आले.

सिस्टरला दवाखान्यात दाखल केले. तीन दिवसांत त्या घरी आल्या. ऑटोवाल्याला मी त्याच संध्याकाळी सोडले. लेखी जबाबात तो निर्दोष असल्याचे स्वच्छ लिहिले, आणि वसाहतीतल्या लोकांसमोर तोंडानेही सांगितले, कारण जमावाने ज्याला गुन्हेगार ठरवले असेल त्याला नुसत्या कागदाचा उपयोग होत नाही. तो जाताना म्हणाला, "साहब, उनका चश्मा भिजवा देना. बिना चश्मे के उन्हें दिखता नहीं होगा." पुढे तोच त्यांना महिन्याच्या तपासणीला दवाखान्यात नेऊ लागला. सिस्टर त्याला अँब्युलन्सचा ड्रायव्हर समजत आणि उशीर झाला की दटावत.

आरक्षीने दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन सांगितले की खण न भरण्याची चूक तिची होती, तशी नोंद करावी. मी म्हटले, घाईत राहिलेला खण तूच शोधून काढलास, आणि साहेब ओरडत असताना उभी राहून सांगितलेस. वेळेवरून माणसांना खोटे ठरवले ते मी. मी तसे जीडीत लिहिले आणि तिच्या नावाची शिफारस वर पाठवली. आज ती दुसऱ्या जिल्ह्यात सायबर शाखेत आहे. अजून फोन करते.

राहिले ते सुनेकडे जाणे. ते सर्वांत अवघड होते. आठवड्याने मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. इंजिनचालक मुलगा परत आला होता, त्याने चहा केला. सिस्टर बाजेवर बसून जुनी वही चाळत होत्या. मी सुनेला म्हटले, "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो त्याची माफी मागायला आलोय. तुम्ही चकती रोज चार्ज केली नसती तर आम्ही अजून तळ्यातच शोधत असतो."

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "विचारणं तुमचं कामच आहे, साहेब. त्याचं वाईट नाही वाटलं. पण मी बोलत होते तेव्हा तुम्ही एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत. त्या पडद्याकडेच बघत होता."

ते खरे होते.

आता मला अधूनमधून नव्या भरतीच्या मुलामुलींसमोर बोलायला बोलावतात. मी त्यांना सांगतो, नवी साधने शिका. ज्या फाइलपुढे आम्ही सगळे हात टेकून बसलो होतो, ती एका मुलीने ब्राउझरच्या एका पानावर उघडली आणि एक जीव वाचला. माझ्या तरुणपणी हे शक्य नव्हते, आणि पुढे याहून किती तरी शक्य होईल. मला त्याचा आनंद आहे. पण यंत्राचाही जबाबच असतो, आणि जबाब घेताना जे प्रश्न माणसाला विचारतो ते त्यालाही विचारायचे. हे तू कधी पाहिलेस, कोणत्या घड्याळाने पाहिलेस, आणि तुझे सांगणे दुसऱ्या कोणाच्या सांगण्याशी जुळते का. हे सगळे ते वहीत उतरवून घेतात.

मग मी त्यांना पेन खाली ठेवायला सांगतो आणि त्या बाईने मला काय ऐकवले ते सांगतो. तेवढे लिहून घेण्यासारखे नाही. समोर कोणी आपली गोष्ट सांगत असेल, तर त्याच्याकडे बघायचे.